बेडूक, मरळ आणि एसओएम

एसओएमच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "कॅन्टिलिव्हर बीमचं रोजच्या वापरातलं उदाहरण सांग." सगळी पोरं बाल्कनी सांगतात. मी म्हणालो, "सर, मासे धरायची काठी." सरांनी चष्म्याच्या वरून बघितलं. "राहायला कुठे?" म्हटलं, "वारजे." "वारज्यात मासे?" आणि पुढची पाच मिनिटं डिफ्लेक्शनचा फॉर्म्युला बाजूलाच राहिला. मार्क किती पडले ते मात्र विचारू नका.

तर मित्रांनो, वारज्यात मासे आहेत. हायवेच्या पुलावरून वडगावकडे जाताना खाली जे हिरवंगार क्रिकेट ग्राउंड दिसतं ना, ते ग्राउंड नाही, ती मुठा नदी. वर जलपर्णी असते. खाली काय असतं ते बहुतेक पुणेकरांना माहीत नसलेलंच बरं. पण चिलापी असते, आणि काठाकाठाने, पाणी कसंही असलं तरी, मरळ असते. मरळीचं एक बरं आहे, ती वर येऊन तोंडाने हवा घेते. पाण्यात ऑक्सिजन संपला तरी तिचं चालतं. आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये जगलेल्या पोरांसारखी एकदम चिवट जात. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं, तेलंगणाने मात्र हा मान मरळीला दिलाय. मृग लागला की हैदराबादला दम्याचे हजारो पेशंट मरळीचं जिवंत पिल्लू औषधासकट गिळतात म्हणे. असो, विषय तो नाही.

मला हा नाद लागला तो आबांमुळे. आबा म्हणजे माझे आजोबा. १९६१ ला पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासलाही गेलं तेव्हा ते बारा वर्षांचे होते. १९९७ ला वारजं महापालिकेत आलं, आणि मग वावरं गेली, बिल्डिंगा आल्या. पण आबांची वेळूची काठी माळ्यावर राहिली. जिवंत बेडूक गळाला लावून वनस्पतीतल्या मोकळ्या भोकात नाचवायचा, ही त्यांची पद्धत. आता काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेलीये. नदीवर जाणं बंद आहे. पण पाऊस पडला की गॅलरीत बसून म्हणतात, "आज मरळ वर येणार बघ."

मी ठरवलं, आबांना एकदा मरळ आणून दाखवायची. दाखवायची म्हणजे हातात द्यायची. खायचा प्रश्नच नव्हता, त्या नदीतला मासा घरात शिजवला तर आई मला शिजवेल.

इंजिनिअर माणूस कामाला कशी सुरुवात करतो? लिटरेचर सर्व्हे! महिनाभर मी रात्री अमेरिकेतले व्हिडिओ बघितले. तिकडे बास नावाचा मासा आहे. तो कमळाच्या पानांखाली सावलीला दबा धरून बसतो आणि वरून काही गेलं की झडप घालतो. आपल्या मरळीचा धंदा अगदी हाच. फरक पानांचा. कमळाचं पान तळाशी बांधलेलं असतं, देठ दोरीसारखा चिवट, आणि पानाला एक चीर असते. तंगूस नेमकी त्या चिरेत जाऊन बसते. पण दोन पानांमध्ये मोकळं पाणी असतं, त्यामुळे नकली बेडूक एका पानावरून दुसऱ्यावर उडी मारत नेता येतो. कडेला आला की थांबवायचा. मासा बहुतेक तिथेच घेतो. आमची जलपर्णी तरंगती, खाली मुळांच्या जटा, वर फुगीर देठ, मध्ये फट म्हणून नाही. त्यावर हलका बेडूक टाकला तर माशाला पत्ताच लागत नाही. म्हणून जरा वजनदार घ्यायचा, म्हणजे तो चालताना गालिचा दबतो आणि खाली हालचाल कळते.

बेडूक पोकळ, मऊ रबराचा. दोन गळ, दोन्हीची टोकं वर वळलेली आणि अंगाला चिकटलेली. त्यामुळे तो पाल्यात अडकत नाही. माशाने चावला की अंग दबतं आणि टोकं बाहेर येतात. डिझाईन करणाऱ्याच्या पाया पडावं असं मेकॅनिझम आहे! मागे दोन झिरमिळ्यांचे पाय. एक पाय कात्रीने थोडा आखूड केला तर बेडूक सरळ न येता डावीउजवीकडे वळत चालतो.

रंगाबद्दल मी फार डोकं खाल्लं. हिरवा, पिवळा, पांढऱ्या पोटाचा... ऑनलाइन तर चाळीस रंग होते. शेवटी आबांना विचारलं. ते म्हणाले, "काळा घे. मासा खालून बघतो. वर उजेड. त्याला रंग कुठला दिसायला, सावली दिसती." माझ्या चाळीस टॅबा बंद झाल्या.

आता दोरी. इथे एसओएम कामाला आलं, आयुष्यात पहिल्यांदा. साधी नायलॉनची तंगूस ताणते. पंचवीस मीटर बाहेर असेल आणि दहा टक्के जरी ताणली, तर मी काठी अडीच मीटर मागे खेचेपर्यंत तिकडे गळ जागचा हललेलाच नसतो! आणि मरळीचं तोंड म्हणजे हाड. म्हणून विणलेली दोरी, पॉलिथिलीनची, जवळजवळ न ताणणारी, शिवाय पाण्यावर तरंगणारी. मी पन्नास पौंडांची घेतली. मासा दोन किलोचा असेल, पण त्याच्याबरोबर पाच किलो जलपर्णी येते हे व्हिडिओत कुणी सांगत नाही. काठी सात फुटी, ताठ. मऊ काठीने मासा मुळांत घुसतो आणि मग तुम्ही नदीशी रस्सीखेच करत बसता. रीळ साधं घेतलं, कारण पैसे संपले होते. ट्रेकसाठी म्हणून घेतलेले पैसे होते ते. (आई, हा अंक वाचत असशील तर सॉरी.)

पहिले तीन आठवडे शून्य. म्हणजे मासा येत नव्हता असं नाही. पाण्यावर 'फट्ट' असा आवाज व्हायचा, मी दचकून काठी ओढायचो आणि बेडूक उलटा येऊन माझ्याच तोंडावर. एकदा चष्मा गेला. आबांना सांगितलं तर ते खो खो हसले. "त्याला गिळू दे की जरा. एक, दोन म्हण मनात. तू लई घाई करतोस." मग म्हणाले, "आणि एक ध्यानात ठेव. पिलांवरचा मासा काढायचा नाही. कितीबी मोठा असू दे."

मरळ पावसाच्या तोंडाला अंडी घालते. पिलं निघाली की ती वर झुंडीने फिरतात, लालसर केशरी, पाण्याला उकळी फुटल्यासारखी दिसतात. आईबाप दोघंही खालून राखण करतात. त्या गोळ्याच्या जवळ काहीही आलं तरी तुटून पडतात.

३० जून २०२४, रविवार. पाऊस नुकताच उघडला होता. धरणातून अजून पाणी सोडलेलं नव्हतं, त्यामुळे जलपर्णी जागेवर होती. नदीच्या कडेला एक डबकं आहे, पात्राला एका फटीने जोडलेलं. तिथे कोपऱ्यात, हिरव्या पाल्याच्या कडेला, मला उकळी दिसली. केशरी.

मला माहीत होतं ती काय आहे. "मला कळलं नाही" असं लिहिणार होतो, ड्राफ्टमध्ये लिहिलंही होतं, खोडलं.

मी बेडूक टाकला. उकळीच्या पलीकडे, आणि ओढत तिच्यावरून आणला. पाण्याने आ वासला. एक, दोन. काठी खेचली. काठीचं कॅन्टिलिव्हर झालं आणि पाच मिनिटांत, पाल्याच्या ढिगासकट, मरळ काठावर होती. दोन किलोच्या आसपास. सापासारखं डोकं, अंगठ्याएवढे खवले.

खरी गंमत अशी, की महिनाभराचं माझं सगळं संशोधन, काळा रंग, आखूड पाय, वजन, यातलं काहीही तिथे लागणार नव्हतं. पिलांवरच्या मरळीसमोर मी चप्पल टाकली असती तरी तिने घेतली असती. ती भुकेने येतच नाही.

रंगाच्या रिकाम्या बादलीत पाणी घेतलं, मासा घातला, झाकण लावलं, ॲक्टिव्हावर दोन पायांत बादली धरून घरी. मरळ हवेवर जगते, त्यामुळे ती मरणार नाही हा हिशोब पक्का होता. आबा गॅलरीत होते. मी त्यांचा हात धरून बादलीत घातला. त्यांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत बोटं फिरवली, दोनदा. मग पोटाखाली तळवा धरून जरा उचललं. "दोनच्या वर भरंल," म्हणाले. त्यांचा चेहरा असा मी बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता.

मग हात तसाच पाण्यात ठेवून त्यांनी विचारलं, "वर पिलं नव्हती ना रे?"

"नाही आबा."

"मग ठीक. जा, सोडून ये पटकन. जिथली तिथंच सोड."

परत जाताना वारज्याच्या चौकात नेहमीचं ट्रॅफिक. डबक्यावर पोचलो तेव्हा सव्वा तास उलटला होता. मरळ पाण्यात ठेवली. थोडा वेळ तशीच राहिली, कल्ले हलत होते, मग शेपटी मारली आणि गेली. कोपऱ्यात उकळी नव्हती. त्या जागेवर चिलापीचं एक टोळकं घुटमळत होतं. मी अर्धा तास थांबलो. दुसऱ्या टोकाला, पाल्याआड, काहीतरी लालसर हललं असं एकदा वाटलं. जोडीतला दुसरा मासा त्यांना तिकडे घेऊन गेला असेल. किंवा तो नुसता पाण्यावरचा कचरा असेल. वारज्यात दोन्ही शक्य आहे.

पुढे २५ जुलैला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं. सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं ते आठवत असेलच. आमच्याकडे डबकं, जलपर्णी, सगळं एका रात्रीत धुऊन निघालं. मी स्वतःला समजावलं की तसंही ती पिलं वाहूनच जाणार होती. सहज म्हणून आबांना विचारलं, "एवढ्या पाण्यात मरळीच्या पिलांचं काय होत असेल हो?" ते म्हणाले, "आईबाप असतील तर कडंकडंनं नेत्यात. त्यांना ठाऊक असतं."

काठी आता माळ्यावर आहे, आबांच्या वेळूच्या काठीशेजारी. बेडूक मी सॅकला लटकवलाय, किचेन म्हणून. वर्गातल्या पोरी विचारतात तेव्हा एसओएमचा प्रोजेक्ट म्हणून सांगतो.

आबांना दिसत नाही, त्यामुळे कॉलेजचा अंक आला की घरी मीच मोठ्याने वाचून दाखवतो. आधी माझं, मग बाकीच्यांचं. मागच्या वर्षी माझी एक भयानक कविता त्यांनी पूर्ण ऐकून घेतली होती. हा लेख छापून आला तर गॅलरीत बसून तोही वाचावा लागणार. मध्ये दोन परिच्छेद आहेत. ते गाळले तर त्यांना कळणार नाही, असं एडिटरला म्हणालो. तो म्हणाला, "आबांना? कळेल."