दोन तास उसने

डोंबिवलीत रुग्णसाहित्य केंद्रं पुष्कळ. कुठे मंडळाच्या गाळ्यात, कुठे देवळामागच्या खोलीत. अनामत भरली की वॉकर, कमोडची खुर्ची, लोखंडी खाट, हवेची गादी, सगळं नाममात्र भाड्याने मिळतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा आम्हीही अशीच खाट आणली. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती चढवायला शेजारची मुलं धावून आली. गादीचा पंप कसा लावायचा ते दाखवून केंद्रातले काका म्हणाले, "गादी आहे म्हणून विसंबू नका हं. दर दोन तासांनी कूस बदलायची."

घराचं घड्याळ तेव्हापासून दोन तासांचं झालं. पाठीशी उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा टेकू द्यायच्या नाहीत. चादरीची सुरकुती हाताने सारखी करायची. तेवढ्यानेही कातडी सोलवटते. दोन तासांत काय बसतं? भाजी, दूध, औषधं. रांग नसेल तर बँक. ठाण्याला जाऊन येणं जेमतेम. मुंबईची नोकरी काही बसत नाही. ती कुणी सोडायची, यावर बहुतेक घरांत चर्चासुद्धा होत नाही.

केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्या कुणाची तरी देखभाल करताना आढळल्या. पुरुष २१ टक्के. त्यात मुलं सांभाळणंही आलं. दिवसाला तिची १४० मिनिटं, त्याची ७४. शेजारच्या खोलीत निजूनही कान उघडा ठेवणं कुठल्या रकान्यात मांडायचं?

खरं तर डोंबिवलीने घरातलं एक काम केव्हाच घराबाहेर काढून दाखवलं आहे. संध्याकाळी लोकलमधून उतरलेली बाई पोळीभाजी केंद्रावर थांबते, मोजून पोळ्या घेते आणि घरी जाते. त्यात संसाराची हेळसांड आता कुणाला दिसत नाही. पोळीला जे जमलं ते सोबतीला का जमू नये? खाट अनामत भरून मिळते, तसे दोन तास का मिळू नयेत?

कोलंबियातल्या बोगोटा शहराने २०२० पासून नेमकं हेच आरंभलं. चालत जाता येईल अशा अंतरावर केंद्रं. घरचं माणूस तिथल्या लोकांवर सोपवून बाई राहिलेली शाळा पुरी करते, कपडे धुऊन घेते, व्यायाम करते. इतकं लांब जायचं नसेल तर केरळ आहे. मलप्पुरममध्ये २००१ पासून वस्तीतलेच स्वयंसेवक खाटेवरच्या रुग्णांच्या घरी जाऊ लागले. २००८च्या धोरणानंतर पंचायतीही त्यात उतरल्या.

आपल्याकडे माणसं नाहीत असं नाही. डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत मानसिक आजार असलेल्यांच्या नातेवाइकांचेही आधारगट चालतात. मन मोकळं होतं. पण त्या बैठकीला जायचं तरी घरी कुणीतरी बसावं लागतं. जागाही आहेत. ज्येष्ठांचे कट्टे दुपारी ओस असतात, समाजमंदिरं लग्नाबारशापुरती उघडतात, पट घसरलेल्या पालिका शाळांत वर्ग रिकामे असतात. वॉर्डात अशी एक खोली, चार शिकवून तयार केलेल्या बाया, दुपारी दोन ते सहा. चालू शकणाऱ्या आजी-आजोबांनी तिथे यावं. ज्यांचं सगळं जागेवरच करावं लागतं त्यांच्याकडे बाईने जावं.

पगार मात्र पालिकेचा हवा, नुसती सेवाभावी हाक नको. आमच्याकडे ब्यूरोची बाई यायची ती दिव्याहून, बारा तासांच्या ड्यूटीवर. तिची सासू अर्धांगाने पडून होती. मग तिला कोण बघतं, असं विचारलं तर म्हणाली, "धाकटी बसते ना. आठवीत आहे, पण शाळेत जाते कुठे!" म्हणजे आमचे बारा तास आम्ही त्या पोरीकडून उसने घेत होतो, आणि पैसे मोजल्यामुळे ते आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. तेव्हा असं केंद्र निघणारच असेल, तर पहिलं डोंबिवलीच्या फडके रोडला नको. ठाणे महापालिकेने ते दिव्यात काढावं.