मिनोटॉरचा पाय

लिलावाचा एक जुना कॅटलॉग चाळत होते. घड्याळं, मेणबत्तीदाण्या, फुलदाण्या, आणि त्यांच्यात हा पाय. बैलाचं डोकं आणि माणसाचं अंग असलेला मिनोटॉर मरायला टेकलाय, मुंडी मागे रेटली गेलीय, ग्रीक वीर थिसिअसची तलवार मानेवर रोखलेली आहे, आणि तरी त्याच्या एका पायाने थिसिअसच्या पायाला घातलेला विळखा सुटत नाही. फ्रेंच शिल्पकार आंत्वान-लुई बारीचं हे ब्राँझ. घडवलं 1843 मध्ये, उंची जेमतेम दीड फूट.

थिसिअसचा चेहरा मात्र मला आवडत नाही. जुन्या ग्रीक मूर्तींची शांतता त्यावर आहे, असं जाणकार सांगतात. मला तो पावती फाडणाऱ्या कारकुनाचा वाटतो. बारीचा सगळा जीव बैलात अडकलाय.

अडकणारच. 1829 मध्ये पॅरिसच्या प्राणिबागेतला एक सिंह मेला, तेव्हा चित्रकार दलाक्रुआने बारीला घाईघाईने चिठ्ठी धाडली: सिंह गेला, हवा अशी की घाईच करायला हवी, धावत ये. दोघांचं जनावरांचं वेड सारखंच. जार्दां द प्लांत या त्याच बागेतल्या पिंजऱ्यांसमोर दोघंही चित्रं काढत बसायचे. पण जिवंत सिंह मोजू देत नाही. मेलेला देतो. पंजा केवढा, खांद्यापासून कोपर किती, कातडं सोलल्यावर कुठला स्नायू कुठल्या स्नायूखाली शिरतो, हे बारी कागदावर आकड्यांसकट उतरवून घ्यायचा. दलाक्रुआला सिंहाची झेप हवी होती, बारीला झेपेआधीचं हाड. आणि ही घाई! माणूस गेल्यावर नातेवाइकांना कळवतात, इथे सिंह गेल्यावर मित्राला. त्या चिठ्ठीत दुःख आहे की आनंद, मला अजून ठरवता येत नाही. दोन वर्षांनी, 1831 च्या सलाँ या कलाप्रदर्शनात, बारीचा वाघ गंगेतल्या घडियालाला फाडताना दिसला आणि पॅरिस त्याच्याकडे वळून बघू लागलं. वाघ पिंजऱ्यातला, पण चावा खरा.

मिनोटॉर मात्र कुठल्याच पिंजऱ्यात मिळणारा नव्हता. माणसाच्या खांद्यांवर बैलाची मान कुठे सुरू होते, हे त्याला स्वतःच ठरवावं लागलं. त्याने ते असं ठरवलंय की सांधा शोधूनही सापडू नये.

बारी सोनारकीत वाढलेला. राजपुत्रासाठी त्याने जेवणाच्या मेजावर मांडायचे शिकारीचे देखावे केले, त्यातल्या एकात हत्तीवरून वाघ मारणारे हिंदुस्थानी शिकारीही आहेत. 1837 मध्ये सलाँच्या परीक्षकांनी ते नाकारले. हे शिल्प नव्हे, सोनारकाम, असा शेरा. पुढे त्याने लहान ब्राँझं स्वतःच ओतून विकायला काढली, किमती छापलेली यादीसुद्धा काढली, आणि 1848 मध्ये दिवाळं वाजलं. साचे सावकाराकडे गेले. त्याच्या मृत्यूनंतर बार्बेदिएनच्या कारखान्याने बरेच नमुने विकत घेतले. म्हणून प्रत नेमकी कुणी ओतली हे कळायला लिलावात बोली लावणारे आधी बैठकीवरचा ओतकाराचा शिक्का बघतात आणि मग थिसिअस.

मिनोटॉरचा तसा गुन्हा काय? पोसायडनला द्यायचा बैल मिनॉस राजाने हातचा राखला, शिक्षा म्हणून राणीला त्या बैलाचं वेड लागलं, आणि जन्माला आलेलं पोर भुलभुलैयात कोंडलं गेलं. त्याला माणसं खाऊ घातली तीही त्याच राजाने, अथेन्सकडून सात मुलगे नि सात मुली मागून. महाबलिपुरमच्या गुहेत महिषासुरही असाच, माणसाच्या धडावर रेड्याचं डोकं, आणि देवीपुढे मागे सरकतोय. आपण तेवढ्यावर थांबलो नाही. इतिहासकार डी. डी. कोसंबींनी आपल्या खेड्यांतल्या म्हसोबाचा माग याच महिषासुरापर्यंत नेला. देवीने मारलेल्याला शेंदूर लावून आपण बांधावर बसवलं, वर त्याला नवसही बोलतो. ग्रीकांना हे सुचलं नाही, याचं मला जरा वाईट वाटतं.

1854 मध्ये बारी प्राणिचित्रणाचा प्राध्यापक झाला, त्याच प्राणिबागेशेजारच्या संग्रहालयात. त्याच्या वर्गात काही काळ येणाऱ्या मुलांत पुढे शिल्पकार झालेला रोदँ होता. रोदँने पुढे, 1885 च्या सुमारास, आपला मिनोटॉर केला. तो कुणाशी लढत नाही. बसलाय, आणि मांडीवर खेचलेली मुलगी त्याच्यापासून अंग चोरतेय. त्या मिनोटॉरची मला मुळीच दया येत नाही.