ढील दे, ढील!

आमच्या चंद्रपूरच्या माणसाला वाऱ्याचे दोनच प्रकार ठाऊक. एक उन्हाळ्यातला. त्याला आम्ही लू म्हणतो आणि खिशात कांदा ठेवून त्याचा मुकाबला करतो. दुसरा संक्रांतीतला, पतंगाला लागतो तो. तिसरा एक वारा समुद्रावर असतो असं भूगोलाच्या पुस्तकात होतं. पण समुद्र आमच्यापासून एका रात्रीच्या गाडीइतका लांब असल्यामुळे आम्ही त्याची फारशी चौकशी केली नाही.

अशा गावात वाढलेल्या माझ्या भाच्यानं एकदा जेवताना जाहीर केलं, "मामा, मी काइटबोर्डिंग शिकणार आहे."

ताईनं पोळी वाढता वाढता विचारलं, "बोर्डिंग म्हणजे जेवणखाण धरूनच ना रे?"

मग भाच्यानं समजावून सांगितलं. पायाला फळी अडकवायची. कमरेला रुंद पट्टा. पट्ट्याला वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्या. आणि दोऱ्यांच्या टोकाला दहा-बारा चौरस मीटरचा पतंग. आमची मधली खोली साधारण तेवढीच आहे. म्हणजे कपाट, पलंग आणि ताईच्या सासूबाई यांच्यासकट एक खोली आकाशात सोडायची आणि तिच्यामागे पाण्यावरून पळायचं.

"पण एवढा मोठा पतंग तू उडवणार कसा?" मी विचारलं.

"मामा, आपण नाही उडवायचा. तो आपल्याला उडवतो."

ताईनं पोळीचं ताट खाली ठेवलं.

खरं म्हणजे हा वेडेपणा आजचा नाही. बेंजामिन फ्रँकलिन लहानपणी पतंगाची काठी हातात धरून तळ्यात उताणा पडला आणि पतंगानं त्याला पलीकडच्या काठाला नेलं. कपडे पलीकडे पोचवायला त्यानं एका मित्राला काठाकाठानं पिटाळलं होतं. पुढे इंग्लंडात ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तरांनी १८२६ साली पतंगानं ओढायच्या बग्गीचं पेटंट घेतलं. रस्त्यावरचा टोल घोड्यांच्या संख्येवर असे. या बग्गीला घोडाच नाही, म्हणून टोलही नाही! मास्तर या जमातीला पैसे वाचवण्याच्या युक्त्या सर्व देशांत सारख्याच सुचतात. पाण्यात पडला तरी बुडत नाही असा, हवा भरलेल्या कण्याचा पतंग फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी १९८४ साली पेटंट केला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर पतंगाच्या जोरावर लोकांनी सोन्याची पदकं नेली. आमच्याकडे संक्रांतीला पतंगापायी लोक गच्चीवरून पडतात, त्यांना फक्त प्लॅस्टर मिळतं.

भाच्याचा मूळ बेत घरच्या घरी शिकण्याचा होता. आमच्या भागात माजी मालगुजारी तलाव गावोगाव आहेत आणि सरकारी लोकसुद्धा त्यांना लाडानं मामा तलाव म्हणतात. "मामाच्याच तलावात शिकतो," असं म्हणून तो हसला. मी हसलो नाही. आमच्या तलावांना तिन्ही बाजूंनी झाडं. झाडांवरून, टेकडीवरून येणारा वारा अखंड नसतो. तुटक येतो, मध्येच दम खातो आणि मग एकदम झेप घेतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगाची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. शिवाय आमचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं. त्याच्या तारा चारी दिशांना निघालेल्या. झाडातून वाचला तर तारेत, अशी सोय. ताडोब्याच्या तलावाचं तर त्यानं नावच काढलं नाही. तिथे मगरी आहेत, आणि त्यांना शिकाऊ आणि तरबेज असा भेद करता येत नाही.

शेवटी गोव्यातलं मोरजी ठरलं. तिथे दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो आणि हा खेळ शिकवणारे लोक आहेत. मुलाबरोबर कोणीतरी जबाबदार माणूस हवा, म्हणून घरच्यांनी मला पाठवलं. (जबाबदार म्हणजे ज्याला रजा मिळते तो.)

पहिल्यांदा एक कागद आला. त्यात भाच्याला काय काय होऊ शकतं आणि ते झाल्यास कोण कोण जबाबदार नाही याची यादी होती. माझ्या लग्नाच्या वेळी असा कागद कोणी दिला नव्हता. मास्तर म्हणजे उन्हानं काळाभोर झालेला, अर्ध्या चड्डीतला पंचविशीचा पोरगा. मला वाटलं, हा आता पाण्यात नेईल. त्यानं भाच्याला कोरड्या वाळूवर उभं केलं आणि पहिला धडा दिला, तो सोडण्याचा. पट्ट्यापुढे एक कळ असते. ती ढकलली की पतंगाचा जोर संपतो आणि तो मुकाट खाली येतो. ती कळ डोळे मिटून, उजव्या हातानं, डाव्या हातानं, बोलता बोलता, अशी वीस-पंचवीस वेळा ढकलायला लावली. धरायचं कसं, हे नंतर.

मग त्यानं धोके सांगितले, आणि मला पटत गेलं की आमची भीती चुकीच्या जागी बसली होती. आम्ही पाण्याला भीत होतो. मास्तर म्हणाला, नवा माणूस जास्त करून काठावर मोडतो. पतंग चढवताना किंवा उतरवताना झोत आला की तो माणसाला फरफटत माडावर, दगडावर, उभ्या गाडीवर नेऊन आपटतो. म्हणून वाऱ्याच्या वाटेत मोकळी जागा पाहिजे. एकट्यानं पतंग चढवायचा नाही. दोरी बोटाला गुंडाळायची नाही. जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहत असेल त्या दिवशी खेळायचंच नाही, कारण त्या वाऱ्याकडे परतीचं तिकीट नसतं. शापोरा नदीच्या मुखाजवळ जायचं नाही, तिथली ओढ निराळी. आणि काळा ढग दिसला की पतंग गुंडाळून चहा प्यायचा. हा शेवटचा नियम मी तिन्ही दिवस, ढगाची वाट न बघता, पाळला.

शिकाऊ पतंग वाळूवरच उडवायचा होता. तो अगदी छोटा, आमच्या चादरीएवढा. भाच्याच्या हातात दांडा दिला. दांडा आपल्याकडे ओढला की पतंगाचा जोर वाढतो, पुढे सोडला की कमी होतो. एवढं सोपं. वाऱ्याचा एक झोत आला, भाचा घाबरला, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं. दांडा छातीशी घट्ट ओढून धरला. पतंगानं त्याला वाळूवरून दहा पावलं नेलं. जितका तो खेचला जाई तितका घट्ट धरी, आणि जितका घट्ट धरी तितका खेचला जाई. मास्तर इंग्रजीत, कोकणीत, हिंदीत ओरडत होता. मी लांबून आमच्या गच्चीवरच्या आवाजात ओरडलो, "ढील दे! अबे, ढील दे ना!"

त्यानं ढील दिली. पतंग शहाण्यासारखा वाळूवर बसला.

"ढील म्हणजे काय?" मास्तरनं विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो एका रशियन बाईंना "ढील! ढील!" म्हणून ओरडत होता.

तेव्हापासून मला वाटतं, नवशिक्याचा खरा धोका वारा नव्हे आणि पाणीही नव्हे, त्याची मूठ. आपल्याला लहानपणापासून धरायलाच शिकवतात. आईचं बोट धर, एसटीचा दांडा धर, नोकरी धरून ठेव. सोडायचं कधी, हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे वैनगंगेच्या डोंग्यात मात्र ते सांगतात. चंद्रपूर आणि गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. आता मध्ये वैनगंगेची हद्द आहे, पण सोयरीक, शेती, बाजार दोन्ही काठांवर. डोंगा हलला की नवखा माणूस काठ पकडायला एका अंगाला झुकतो, आणि चार जण झुकले की डोंगाही झुकतो. डोंगेवाला वल्ही न थांबवता म्हणतो, "धरू नोका जी, बसून रहा. तुमी हाललं का डोंगा हालते."

पण बसून राहिलं तरी नदी प्रत्येक वेळी ऐकते असं नाही. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे निघाल्या होत्या. नाव उलटली आणि सहा जणी गेल्या. त्या काही शिकाऊ नव्हत्या. मजुरीसाठी नदी ओलांडणं हे त्यांच्याकडे कामावर जाणं होतं. मोरजीला माझ्या भाच्याला हौसेसाठी गुडघाभर पाण्यात उतरवताना जाकीट होतं, डोक्याला टोप होता, शिट्टी होती आणि बाजूला एक बोट होती. आमच्या घाटांवर मी आजवर जितक्या डोंग्यांत बसलो त्यात मला जाकीट दिसलेलं नाही.

भाच्यानं परत येताना एक नारिंगी जाकीट विकत आणलं. नंतर एका लग्नाला आम्ही नदीपलीकडे गेलो, तेव्हा पठ्ठ्या ते अंगात घालून डोंग्यात बसला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एकीनं विचारलं, "नवरदेव तूच का रे, बाबू?" सगळा डोंगा हसला, डोंगेवाल्यानं हसू नका म्हणून दटावलं, कारण त्यानंही डोंगा हलतो. मग तीच बाई हात लावून जाकीट बघत म्हणाली, "असं आमाले भेटन का जी?"

डोंग्यात माणसं अकरा, जाकीट एक. भाच्याला ते एकदम उकडायला लागलं. तो काढू लागला, तेव्हा मी दटावून त्याला ते घालायला लावलं. काठ येईपर्यंत तो काही बोलला नाही.

सध्या काइटबोर्डिंग बाजूला पडलंय. घाटावर दहा-बारा जाकिटं ठेवावीत, असा अर्ज घेऊन तो एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातो. प्रत्येक ठिकाणी कल्पना फार उत्तम असल्याचं सांगतात आणि पुढच्या सोमवारी बोलावतात. परवा तो वैतागून म्हणाला, "मामा, सोडून देऊ का?"

मी म्हटलं, "बेटा, ढील पतंगाला द्यायची. कागदाला नाही. तो घट्ट धर."