मेलेला फ्रिज कोणी ओढायचा?



गेल्या वैशाखातील गोष्ट. बुद्ध पौर्णिमा आठ दिवसांवर आली होती, म्हणून आम्ही उभयतांनी घर झाडायला घेतले. आमचे घर वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातील हिंगणीला. बोर धरणाच्या अलीकडचे हे गाव. समोरची खोली सारवून-रंगवून झाली आणि मागच्या पडवीचे दार उघडले, तेव्हा आम्हालाच लाज वाटली. माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती. मेलेल्या वस्तूंनी ती पडवी भरली होती.

त्यात १९९६ साली हप्त्याने घेतलेला फ्रिज होता. आमच्या वस्तीत आलेला तो दुसरा फ्रिज. उन्हाळ्यात शेजारची पोरे बर्फासाठी वाट्या घेऊन दारात उभी राहत. मागे मोठे कुबड असलेला रंगीत टीव्ही होता. पत्रा सडलेले दोन कूलर होते. विदर्भातल्या घरात कूलर नाही असे होत नाही आणि जुना कूलर टाकला असेही होत नाही. शिवाय जळालेला मिक्सर, इस्त्री, इन्व्हर्टरची बॅटरी आणि डझनभर बंद ट्यूबलाइट. पोटाला चिमटा घेऊन घेतलेली वस्तू बंद पडली तरी टाकवत नाही. "राहू दे, कामी येईल," असे म्हणत आम्ही वीस वर्षे काढली.

यंदा मात्र ठरवले की काढायचेच. दुसऱ्या दिवशी हातगाडी घेऊन कबाडीवाले आले. आमच्या ओळखीचे, गरीब आणि हिशेबाला सरळ माणूस. त्यांच्यासोबत त्यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. सगळा माल पाहून त्यांनी १,९०० रुपये सांगितले. आम्ही खूश झालो. पडवी रिकामी होणार आणि वर पैसेही मिळणार!

आम्ही चहा ठेवायला आत गेलो, तोच अंगणातून दगड आपटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहतो तर त्या मुलाने टीव्हीचे मागचे झाकण उचकटले होते आणि काचेच्या नळीच्या मानेवर तो दगड मारीत होता. नळीच्या मानेभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, ते त्याला काढायचे होते. पायात चप्पल नव्हती. दोन बोटांना आधीच्याच चिंध्या बांधलेल्या होत्या.

आमचे बाबा ओसरीवर बसले होते. त्यांचे वय आता ८४. ते एकदम ओरडले, "अरे बाबू, थांबव त्या पोट्ट्याले! कोनाचं लेकरू हाये हे? याले शाळा नाही का?"

कबाडीवाले ओशाळले. म्हणाले, "सुट्ट्या हायेत ना बाबाजी. हाताखाली येते."

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "तुमच्या आजोबाले गावातून असाच निरोप ये. ढोर मेलं, ओढून न्या. दूध ज्यानं पेलं त्यानं हात नाही लावला. आता फ्रिज मेला, टीव्ही मेला. थंड पानी आपन पेलो, आन् ओढाले दुसऱ्याचं पोट्टं."

हे ऐकून आम्ही दोघेही जागच्या जागी उभे राहिलो. आमच्या आजोबांनी गावची मेलेली जनावरे ओढली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस सोडायला सांगितले. ती हाक गावोगाव पोहोचली आणि हळूहळू लोकांनी ती अपमानाची कामे टाकली. १९५६ साली आजोबा बाबांचे बोट धरून नागपूरला दीक्षेला गेले. ही आमच्या घराची कमाई. आणि आज आम्हीच आमची घाण एका लेकराच्या हाती देऊन वर १,९०० रुपये मोजून घेत होतो. जात बदलली असेल, वस्तू बदलली असेल, रीत मात्र तीच राहिली.

त्या दिवशी आम्ही टीव्ही, फ्रिज, बॅटरी आणि ट्यूबलाइट दिल्या नाहीत. दोन्ही कूलरचे पत्रे आणि लोखंडी स्टँड दिले. एका कूलरची मोटर वाइंडिंग करून पुन्हा चालू झाली, ती ठेवून घेतली. मुलाच्या बोटांना मलमपट्टी करून दिली. मग प्रश्न उरला की ह्या बाकीच्यांचे करायचे काय?

आमची मुलगी नागपूरला शिकते. तिने माहिती काढून दिली आणि काही आम्ही वाचून समजून घेतली. ती आपल्या वाचकांनाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

जुन्या कुबडवाल्या रंगीत टीव्हीच्या नळीच्या काचेत शिसे मिसळलेले असते. मोठ्या नळीत ते किलोने भरते. आतून विषारी पुडीचा थर असतो. शिवाय नळीत हवा नसते, म्हणून ती फोडली की काचा आत ओढल्या जाऊन चारी बाजूंना उडतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूला सर्वांत जास्त अपाय करते. थोडे चालेल अशी त्याची कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, म्हणून ती उकिरड्यावर फोडू नये. वायरीवरचे प्लॅस्टिक जाळून तांबे काढतात, त्या धुरात आम्ल आणि डायॉक्झिन नावाचे विष असते. ते शेजारच्या घरातही जाते आणि आईच्या दुधातही उतरते.

फ्रिजची गोष्ट वेगळी. आमच्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवरील पट्टीवर आर-१२ असे लिहिलेले होते. हा जुना गॅस पृथ्वीवरील ओझोनचे छत्र विरळ करतो, म्हणून १९८७ साली माँट्रियल येथे जगातील देशांनी करार केला. भारत १९९२ साली त्यात सामील झाला आणि २००८ साली आपल्याकडे ह्या जातीच्या गॅसचे उत्पादन बंद झाले. पण जुन्या फ्रिजांच्या पोटात तो अजून आहे. तो हवेत सुटला की कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट उष्णता धरून ठेवतो. भंगारात नळी कापली की एक फुस्स आवाज होतो आणि सगळे संपते. आमच्या वैशाखातल्या उन्हाला आम्हीच अशी फुंकर घालतो! नव्या फ्रिजांमध्ये बहुधा आर-६०० ए असतो. तो ओझोनला मारत नाही, पण पेट घेतो. म्हणून कोणत्याही फ्रिजची नळी आपण कापू नये. आणखी एक गोष्ट मातांनी लक्षात ठेवावी. बंद फ्रिज अंगणात ठेवायचा असेल तर त्याचे दार काढून ठेवा. लपंडाव खेळताना मूल आत शिरले तर जुन्या फ्रिजचे दार आतून उघडत नाही.

कायदाही आहे. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०१२ च्या मे महिन्यापासून लागू झाले. सध्याचे नियम २०२२ सालचे असून १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. त्यांनुसार वस्तू बनवणाऱ्या कंपनीवर जुन्या मालाच्या विल्हेवाटीची जबाबदारी आहे, आणि हे काम नोंदणी असलेल्या रीसायकलिंग केंद्रानेच करायचे आहे. अशा केंद्रांची नावे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळतात. बॅटरीसाठी वेगळे नियम आहेत. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी, आतले ॲसिड कधीही नालीत ओतू नये. आणि चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला लावणे २०१६ च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे. घरच्या धंद्यात शाळेनंतर किंवा सुट्टीत मदत करण्याची सवलत आहे, पण धोक्याच्या कामात तीही नाही.

कायदा कागदावर चांगला आहे, पण तो हिंगणीपर्यंत चालत येत नाही. एका दुकानात आम्ही विचारले, "बदलीत घेतलेला जुना फ्रिज तुम्ही कुठे पाठवता?" उत्तर मिळाले, "कबाड्याकडेच." एका केंद्राला फोन केला, तर म्हणाले, "एवढ्याशा मालासाठी गाडी येणार नाही." संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन मार्गी लागल्याची नोंद आहे. बाकीचा कुठे गेला, हे आम्ही आमच्या अंगणात पाहिले होते.

मग बुद्ध पौर्णिमेच्या वंदनेनंतर आम्ही हा विषय विहारात काढला. एका घरचा माल थोडा असेल, तर वस्तीचा मिळून पुष्कळ होईल. काहींना पटले, काहींना नाही. "पैसे किती भेटन?" हा पहिला प्रश्न. तो चुकीचा नाही. आमच्या लोकांचा घामाचा पैसा त्या वस्तूंत अडकलेला आहे. पण एक मावशी उठून म्हणाल्या, "पैसे कमी भेटले तं चालन, पन पोट्ट्याच्या हाताले काच तं नाही लागन." त्यावर अकरा घरे तयार झाली. विहारातला जुना ॲम्प्लिफायरही निघाला, ज्याच्यावर वीस वर्षे भीमजयंती वाजली.

तीन फ्रिज, नऊ टीव्ही आणि बाकीचा किरकोळ माल टेम्पोत भरला. ट्यूबलाइट जुन्या साड्यांत गुंडाळून खोक्यात उभ्या ठेवल्या. फ्रिज आडवे न टाकता उभे बांधले. सेलूवरून नागपूरला नोंदणी असलेल्या केंद्रात माल वजन करून दिला आणि पावती घेतली. मिळाले ५,२०० रुपये. टेम्पोचे ३,५०० गेले. उरलेल्या १,७०० मध्ये घरटी दीडशे रुपये आले. कबाडीवाल्यांनी आम्हा एकट्यांनाच १,९०० देऊ केले होते! हा हिशेब आम्ही विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवला, कारण खोटा फायदा सांगून कोणाला तयार करू नये.

एक प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. टेम्पो भरायला आम्ही त्याच कबाडीवाल्यांना मजुरी देऊन बोलावले होते. माल चढवता चढवता ते म्हणाले, "तुमचं बरोबर हाये. पन सारंच नागपूरले गेलं तं माह्या पोटाचं का?"

ह्याला आमच्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. पण पुण्यात असे उत्तर शोधले गेले आहे. १९९३ साली तिथे 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यात बहुसंख्य आपल्यासारख्याच दलित समाजातील भगिनी आहेत. त्यांनी ओळखपत्रे मिळवली आणि पुढे 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था काढून महापालिकेशी करार केला. ह्या संस्थेच्या भगिनी ई-कचराही गोळा करतात. म्हणजे काम हिरावून न घेता त्या कामातले विष आणि अपमान काढता येतो. आमच्या तालुक्यातही कबाडीवाल्यांनी माल न फोडता, न जाळता गोळा करावा, ग्रामपंचायतीने त्यासाठी एक खोली द्यावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी गाडी यावी. असा अर्ज आम्ही अकरा घरांच्या सह्यांनिशी ग्रामपंचायतीत दिला आहे. त्यात कबाडीवाल्यांचा अंगठाही आहे.

तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. आम्ही समजत होतो की आम्ही काही विष विकत नाही. आता तसे छातीठोक म्हणवत नाही.

म्हणून विनंती एवढीच. मोडलेली वस्तू आधी दुरुस्त होते का पाहा. होत नसेल तर अंगणात फोडू देऊ नका आणि पैशाच्या लोभाने लहान मुलाच्या हाती देऊ नका. वस्तीचा माल एकत्र करा. आणि नवी वस्तू घेतानाच दुकानदाराला विचारा, "ही मेल्यावर कोण नेणार?" दहा जणांनी विचारले तर अकराव्याला नीट उत्तर मिळेल.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून तो मुलगा हातगाडीबरोबर दिसला नाही. शाळेत जातो की दुसऱ्या गावी माल फोडायला जातो, हे अजून आम्ही विचारलेले नाही. बाबा रोज विचारतात, "त्या पोट्ट्याचं का झालं?" ह्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत.