आडवा ‘र’ आणि सावड

मुळशी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात आम्ही दोघे गेली अनेक वर्षे मराठी शिकवतो आहोत. संगणकाशी आमचा संबंध प्रश्नपत्रिका टंकित करण्यापुरता. तेव्हा मुक्तस्रोत प्रणालींविषयी आम्ही लिहावे हा अव्यापारेषु व्यापार वाटण्याचा संभव आहे. परंतु जे घडले ते एका अक्षरावरून घडले, आणि अक्षर हा आमच्याच विषयाचा भाग आहे.

१९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली इथे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्या नातवंडा-पतवंडांकडे उरलेल्या आठवणी आमच्या विद्यार्थ्यांनी दोन वर्षे गोळा केल्या. कुणी त्या महाविद्यालयातल्या संगणकावर टंकित केल्या, कुणी मोबाइलवर. सारा मजकूर एका मुक्तस्रोत लेखनप्रणालीत एकत्र करून आम्ही शब्दसूची करायला बसलो. ‘शेतकरी’ जागोजागी सापडला. ‘शेतकऱ्यांनी’ मात्र निम्म्या पानांवर सापडेना. शब्द डोळ्यांना स्पष्ट दिसत होता आणि यंत्र तो नाही म्हणत होते. ‘गावकऱ्यांना’, ‘अधिकाऱ्यांकडे’, ‘दऱ्या’ यांचीही तीच गत. विभक्तीचा प्रत्यय लागला की आमचा शेतकरी सूचीतून नाहीसा होत होता.

आम्ही प्रणाली सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांकडे विचारणा केली. अकरा दिवसांनी उत्तर आले: कोणती आवृत्ती वापरता? ती कळवली. पुढे तीन आठवडे शांतता. मग दुसऱ्या कुणी लिहिले की दोन्ही शब्दांमागचे चिन्हक्रम निराळे आहेत, सबब प्रणाली योग्यच वागते आहे. आम्ही पुन्हा लिहिले, यावेळी काहीशा रागाने. त्यावर, ‘दुरुस्ती करून पाठवा, स्वागत आहे,’ एवढेच उत्तर मिळाले, आणि काही काळाने आमची तक्रार निकाली निघाल्याची नोंद झाली. ज्याला संगणकाची भाषा येत नाही त्याला ‘दुरुस्ती पाठवा’ म्हणणे म्हणजे आजाऱ्याला औषध स्वतःच कुटून घ्यायला सांगणे, असे आम्हाला तेव्हा वाटले. आजही ते पूर्णपणे चुकीचे वाटत नाही.

मात्र चिन्हक्रमांविषयीचे ते कोरडे उत्तर खरे होते. युनिकोडमध्ये हा आडवा ‘र’ दोन मार्गांनी लिहिता येतो. एका मार्गात पाय मोडलेला ‘ऱ’ वापरतात. तो १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणाशी जुळणारा आहे. दुसऱ्यात साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. आमच्या विद्यार्थ्यांचे कळफलक निरनिराळे, म्हणून एकच शेतकरी दोन ठिकाणी विभागला गेला.

आता, ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे ताम्हिणीच्या वाटेवर दिसतात त्या. ‘आचार्यांना’ बोलावणे निराळे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे निराळे. रफार आणि आडवा ‘र’ यांतल्या भेदावर मराठीत अर्थ अवलंबून असतो, हे पहिल्या वर्षाच्या वर्गातही आम्ही सांगतो. ते दूरदेशीच्या स्वयंसेवकाला कुणी सांगायचे? आमचे तक्रारपत्र काढून पुन्हा वाचले. त्यात गैरसोयीविषयी तीन परिच्छेद होते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडी कुठेच नव्हती.

इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दात दोन अर्थ मिसळलेले आहेत. १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा करणारे रिचर्ड स्टॉलमन यांना ते सुटे करून सांगण्यात बराच श्रम घालावा लागला. मराठीला तो त्रास नाही, आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन शब्द आहेत. तरी आम्ही मुक्त प्रणाली घेतली आणि फुकट मिळालेल्या वस्तूसारखी वापरली. दहा वर्षांत एक चूक कळवली नाही, एका शब्दाचे भाषांतर सुचवले नाही. आणि पहिल्याच अडचणीला मात्र दुकानदाराशी बोलावे तसे बोललो.

आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी आषाढात भातलावणीला सावड असते. आज माझ्या खाचरात तुम्ही, उद्या तुमच्या खाचरात मी. जो कुणाकडे गेला नाही, त्याच्या बांधावर कुणी येत नाही. त्याला बोलही लावत नाहीत. ही तुलना मनात आल्यावर आमचा राग निम्मा ओसरला. निम्मा राहिला, कारण सावडीला येणाऱ्याला भात ठाऊक असते. इथे ज्याच्या हाती कुदळ आहे त्याला आमचे पीक माहीत नाही, आणि ज्यांना पीक माहीत आहे ते मराठी विभाग ‘हे अभियंत्यांचे काम’ म्हणून बांधावर उभे आहेत. एम. ए.ला आम्हाला लिपीचा इतिहास होता. आपली लिपी यंत्रात कशी साठवली जाते, हे मात्र कुठल्याही पेपरात नव्हते, आणि आमच्या विद्यार्थ्यांनाही आम्ही ते आजवर शिकवलेले नाही.

यंदा वर्गाने अर्थभेद करणाऱ्या शब्दजोड्यांची यादी केली. प्रत्येक जोडीचा अर्थ, वाक्यातला उपयोग आणि दोन्ही चिन्हक्रम त्यात दिले, आणि तक्रार नव्याने नोंदवली. दहाव्या दिवशी एका अनोळखी व्यक्तीने आणखी उदाहरणे मागितली. ती पाठवली आहेत. दुरुस्ती अद्याप झालेली नाही, होईलच असेही नाही.

तोवर आम्ही सारा मजकूर हाताने एका चिन्हक्रमात आणला. त्याला चार दुपारी लागल्या. सूचीत ‘शेतकऱ्यांनी’ या नोंदीपुढे आता एकतीस पाने आहेत. पूर्वी चौदा होती.