कोऱ्या पानांचे गाव

देवगिरीचा किल्ला चढून दमलेले आणि वेरूळच्या ओढीने पुढे निघालेले हजारो प्रवासी एका गावावरून जातात, पण तेथे उतरत मात्र कोणी नाही. छत्रपती संभाजीनगराहून (आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडी अजून औरंगाबादच येते!) निघालेली एस. टी. दौलताबाद मागे टाकते, जुन्या तटाच्या दरवाज्यातून अंग चोरून पलीकडे होते आणि घाट चढून खुलदाबादच्या वाटेला लागते. या वाटेवर दहापाच दुकाने, मशिदीचे मिनार आणि घरांची दाटी दिसते. तेच हे गाव. नाव कागजीपुरा.

गावांना देवावरून नावे पडतात, झाडावरून पडतात, एखाद्या राजाने हौसेने आपले नाव दिलेले असते. कागदावरून नाव पडावे ही मोठी मौजेची गोष्ट आहे. तसा आमच्या पुण्यातही कसबा पेठेत कागदीपुरा आहे, पण तेथे आता नावापुरताच कागद उरला आहे. कागजीपुऱ्यात तो अजून हाताने होतो असे ऐकले होते. उन्हाळ्याच्या सुटीत परीक्षेच्या कामासाठी त्या बाजूला जाणे झाले, तेव्हा एक दिवस राखून ठेवला आणि धाकट्या मुलीला घेऊन निघाले. पेपर तपासण्यात माझे अर्धे आयुष्य गेले, पण पेपर बनवणारा माणूस मी त्या दिवशी प्रथमच पाहिला.

शाळेच्या पुस्तकात महंमद तुघलक आपल्याला भेटतो तो 'वेडा महंमद' म्हणून. 1327 साली त्याने राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, गावाचे नाव दौलताबाद ठेवले आणि काही वर्षांनी सारा संसार पुन्हा दिल्लीला हलवला. आपण हसतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण राजधानी म्हणजे केवळ सिंहासन नव्हे. राजधानी म्हणजे दफ्तर, आणि दफ्तर म्हणजे कागद. हुकूम सुटायचे तर कागद हवा, वसुली मांडायची तर कागद हवा, पोथी उतरायची तरी कागदच हवा. कागजीपुऱ्याचे लोक सांगतात की, आमचे पूर्वज त्या लोंढ्याबरोबर आले. सुलतान परत गेला, कागद करणारे राहिले. सुलतानाची लहर ओसरली, तरी त्यांचा हौद आटला नाही.

पुढे मराठ्यांच्या दफ्तरांतही दौलताबादी आणि जुन्नरी अशी कागदांची नावे येऊ लागली. तांदळाला जसे आंबेमोहोर म्हणावे, तसे कागदाला त्याच्या गावावरून ओळखत असत. गावात एके काळी घरोघर हा धंदा होता. आता एखाददुसरी शेडच चालते. आम्ही गेलो तिथे पत्र्याच्या छपराखाली एक म्हातारे कारागीर हौदाशी उभे होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

"बसा ताई," ते म्हणाले. "पण बसून कागद दिसायचा नाही. उभेच राहा."

हौदात दुधाळ पाणी होते. निवळी घातलेली पेजच जणू. खरे म्हणजे त्यात सुती कापडाचा पार पिठासारखा बारीक झालेला लगदा तरंगत होता. तयार कपड्यांच्या कारखान्यांत कापताना जी कातरणे उरतात, ती पोत्यांनी येथे येतात. त्यांचे तुकडे करायचे, यंत्राच्या फिरत्या पात्यांखाली पाण्यात तासन्‌तास दळायचे आणि लगदा हौदात सोडायचा. यासाठी एकही झाड तोडावे लागत नाही. शिंप्याने टाकलेली चिंधी लेखकाच्या हाती कागद होऊन जाते.

चाचांनी जाळी बसवलेली लाकडी चौकट दोन्ही हातांत धरली, तिरपी करून पाण्यात बुडवली आणि सपाट वर उचलली. उचलताना एकदा पुढे-मागे आणि एकदा डावी-उजवीकडे, असा हलकाच हिसका दिला. सुपातले तांदूळ पाखडणाऱ्या बाईच्या मनगटात जी लय असते, तीच ही. या हिसक्याने कापसाचे तंतू आडवेउभे एकमेकांत गुंततात. पाणी निथळले, जाळीवर पांढरी साय राहिली. ती साय त्यांनी कापडावर उलटी टाकली. त्यावर दुसरे कापड, त्यावर दुसरी साय. असा थर वाढला की तो दाबयंत्राखाली जातो, पाणी पिळून निघते आणि मग ओले ताव दोरीवर वाळत घालतात. आमच्या वाड्यात पूर्वी धोतरे वाळत तशी कागदांची रांग तेथे वाऱ्यावर हलत होती.

आमच्या कन्येला धीर कोठून असणार? तिने चौकट मागितली. चाचांनी आनंदाने दिली. तिने उचललेला कागद एका कडेला भाकरीसारखा जाड आणि दुसऱ्या कडेला जाळी दिसेल इतका विरळ झाला.

"छान आहे," चाचा गंभीरपणे म्हणाले. "एकाच कागदात दोन प्रकार. आम्हाला इतक्या वर्षांत जमले नाही."

मुलगी हसली आणि तो कागद त्यांनी पुन्हा पाण्यात विरघळवून टाकला. या धंद्यात चूक झाली तर खोडरबर लागत नाही. बिघडलेला ताव हौदात परत जातो आणि घटकाभराने चांगला होऊन बाहेर येतो. परीक्षेच्या पेपरांची अशी सोय असती तर किती मुलांचे कल्याण झाले असते!

जुन्या पद्धतीविषयी विचारले तेव्हा चाचांचे डोळे लकाकले. त्यांच्या वाडवडिलांच्या काळी चिंध्यांऐवजी तागाची जुनी दोरखंडे आणि गोणपाट असे. ते चुन्यात मुरवायचे, कुटायचे, धुवायचे आणि पुन्हा मुरवायचे. चौकटीवर तारेच्या जाळीऐवजी बारीक गवताच्या काड्यांची चटई असे. ओला ताव चुन्याने गुळगुळीत केलेल्या भिंतीवर ब्रशाने चिकटवून वाळवत. मग त्याला खळ द्यायची. खळ नसेल तर शाई टिपकागदासारखी पसरते. शेवटी अकीकाच्या दगडाने कागद घोटायचा, तो इतका की बोरू त्यावरून अडखळता कामा नये.

हे ऐकताना माझ्यातली मराठीची शिक्षिका जागी झाली. आपण मुलांना अक्षर 'घोटायला' सांगतो, पाठांतर 'घोटून' घेतो. पण अक्षराच्या आधी कोणीतरी कागद घोटलेला असे, हे आपल्या गावीही नसते. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला आहे. त्यात ते पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडायला सांगतात, कारण कडा झडल्या तरी मधल्या अक्षराला धक्का लागू नये. कागद किती वर्षे टिकेल, त्याचा कोणता भाग आधी झिजेल, याचा विचार करून लिहिणारी ती माणसे होती. त्यांना कागदाची किंमत ठाऊक होती.

शेडच्या एका कोपऱ्यात विक्रीचा माल मांडला होता. पाकिटे, पिशव्या, फायली, फुलांच्या पाकळ्या अंगात घेतलेले ताव आणि दोऱ्याने शिवलेल्या जाड पानांच्या वह्या. मुलीने विटकरी पुठ्ठ्याची एक वही उचलली आणि किंमत ऐकून माझ्याकडे पाहिले. बाजारात तेवढ्यात चार वह्या आल्या असत्या. मी मान हलवली, तेव्हा चाचांनी तिला विचारले, "बेटी, हिच्यात काय लिहिणार?"

"अजून ठरवलं नाही. इतकी छान आहे की लिहावंसंच वाटत नाही."

चाचा हौदाच्या कडेला टेकले. "सगळे हेच म्हणतात," ते म्हणाले. "मागे शहरातल्या एक बाई सहा वह्या घेऊन गेल्या. पुन्हा आल्या तेव्हा मी विचारले, संपल्या का? तर म्हणाल्या, छे हो, कपाटात जपून ठेवल्यात. माझा मान केला त्यांनी. पण ताई, वही संपली नाही तर दुसरी कोण नेणार?"

त्यांचा मुलगा वाळूजच्या कारखान्यात जातो. पहिल्या तारखेला पगार होतो, अंग भिजत नाही, पावसाळ्यात कागद वाळेल की नाही याची काळजी नाही. "त्याला मी नको कसं म्हणू?" चाचांनी विचारले. या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि त्यांनाही ते नको होते.

पुण्यास परतल्यावर मी मुद्दाम पेशवे दफ्तरात गेले. कौन्सिल हॉलजवळच्या त्या दगडी इमारतीत कापडाच्या रुमालांत बांधलेले हजारो कागद आहेत. मोडी अक्षरांच्या ओळी, घड्यांच्या खुणा आणि मधूनच किडीने काढलेली नक्षी. अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद उलगडला, तरी तो कापडासारखा वाकतो, मोडत नाही. घरी आल्यावर वडिलांनी जपलेले साठ वर्षांपूर्वीचे दिवाळी अंक काढले. त्यांची पाने चहाच्या रंगाची झाली आहेत आणि उलटताना कोपरे हातात येतात. 1909 साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाने किती जीव लावला या अंकांना! पण गिरणीच्या स्वस्त कागदात लाकडाचा लगदा असतो. त्यातले द्रव्य उजेडाने पिवळे पडते आणि आम्ल तंतूंना आतून खाते. ताग-सुताच्या लांब तंतूंना हा रोग सहसा जडत नाही. कारकुनाचा हिशेब टिकला आणि आमच्या कथा-कविता झडू लागल्या, असा हा न्याय आहे.

अर्थात गिरणीला दोष देण्यात शहाणपण नाही. स्वस्त कागद झाला म्हणून तर गरिबाच्या पोराच्या हाती पाठ्यपुस्तक आले. मात्र त्याच पुरात हातकागदाची गावे वाहून गेली. त्यांना हात देण्याचे मोठे काम गांधीजींच्या प्रेरणेने झाले. 1934 साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याने मरू घातलेल्या या धंद्याचा अभ्यास सुरू केला. के. बी. जोशी यांनी त्यावर प्रयोग केले, पुस्तक लिहिले आणि 1940 साली पुण्यात शिवाजीनगरला हातकागदाची संस्था उभी राहिली. आजही तेथे गेलात तर तोच हौद, तीच चौकट आणि तोच मनगटाचा हिसका पाहायला मिळतो. मुलांना सर्कस दाखवतो, तसे एकदा हेही अवश्य दाखवावे.

पण संस्था झाली, सरकारी मदत झाली, तरी चाचांचा प्रश्न उरतोच. पूर्वीचा कागद जगला तो सुंदर होता म्हणून नव्हे, तर संपत होता म्हणून. व्यापाऱ्याची चोपडी वर्षाअखेर भरे आणि लक्ष्मीपूजनाला नवी यावी लागे. पत्रे जात, पोथ्या उतरल्या जात, दस्त्यामागून दस्ते खर्ची पडत. आज आपण हातकागदाची वही भेट म्हणून घेतो, भेट म्हणून देतो आणि ती काचेच्या कपाटात बाहुलीशेजारी जाऊन बसते. ज्या वस्तूला आपण वापरायला धजत नाही, तिचे कौतुक करता करता आपण तिला उपाशी मारतो. कारागिराला शाबासकी हवी असते हे खरे, पण त्याहून त्याला पुढच्या महिन्याची मागणी हवी असते.

तेव्हा या दिवाळीत अशी एखादी वही तुमच्या घरी आली, तर तिच्या पहिल्या पानाला भिऊ नका. चांगले अक्षर नसले तरी चालेल, थोर विचार सुचले नाहीत तर उत्तमच. दुधाचा हिशेब लिहा, आजोबांच्या गोष्टी लिहा, परगावच्या मावशीला त्यातले पान फाडून पत्र लिहा. फाडताना हात थरथरला, तर कागजीपुऱ्यातल्या त्या माणसाची आठवण करा. त्याला थरथरणारा हात नको, लिहिणारा हात हवा आहे.

आमच्या घरी हा प्रश्न परस्पर सुटला. मुलीची ती विटकरी वही आठ दिवस टेबलावर तशीच कोरी पडली होती. पहिले वाक्य काय असावे यावर तिचे चिंतन चालू होते. एके दुपारी सासूबाईंना फोनवरून कोणाला तरी चकलीच्या भाजणीचे प्रमाण सांगायचे होते. ते विसरू नये म्हणून त्यांनी हाताशी आलेली वही उघडली आणि लिहिले: तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, धने-जिरे अंदाजाने. मुलगी शाळेतून आली, पान पाहिले आणि क्षणभर रडवेली झाली. मग तिने खाली तारीख घातली, पान उलटले आणि लिहायला बसली. आता निम्मी वही भरली आहे. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी आणावी लागणार.