शनवार

बुऱ्हाणपुरात रिक्षावाल्याला 'शनवारा' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. नाव मूळचं वेशीचं. आता चौक, बाजार, गर्दी, सगळाच शनवारा. परवा नातीनं विचारलं, "दादी, शनवार मतलब?" म्हटलं, "शनिवार गं." "तो सॅटर्डे बोलो ना!" मी हसले खरी, पण मनात खुट्ट झालं.

मग मला शनवार तेली आठवले. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात बाया नि सात पुरुष वाचले, अशी त्यांची परंपरा सांगते. गावोगाव त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आमच्या शास्त्रात घाणा चालवणं श्रावकानं टाळायच्या पंधरा कर्मादानांत येतं. पण गिऱ्हाईक परत गेलं तरी नेम मोडायचा नाही, हे मला घरचंच वाटतं. आमच्याकडं दिवस मावळला की ताट उचललं जातं, पाहुणा असो की लग्नघर.

ते हिब्रू विसरले. 'शमा' ही एक प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली, असं ते सांगतात. बाकी सगळं मराठी: पेणकर, रोहेकर, चेऊलकर अशी आडनावं, बायकांची लुगडी, एलियाहू हन्नाबीच्या नावानं पोहे, नारळ नि गुळाचा मलिदा. आपलं तरी काय वेगळं आहे? नवकार प्राकृतात, हिशेब हिंदीत, भांडण मराठीत!

1948 ला इस्राएल झालं आणि हळूहळू बहुतेक जण तिकडं गेले. तिथं जगभरचे यहुदी आपापल्या भाषा घेऊन आलेले. त्यांना जोडणारी हिब्रू. शेजारी अरबी बोलणारे मुसलमान, ख्रिस्ती, द्रूझ. यांची मात्र वेगळीच परीक्षा झाली. लग्नाची वेळ आली की तिथले धर्माधिकारी विचारीत, तुमची वंशावळ शुद्ध कशावरून? ज्यांनी शेकडो वर्षं शनिवार पाळला, त्यांनाच पुरावा मागायचा! ही माणसं जेरुसलेमात धरणं धरून बसली. शेवटी 1964 मध्ये धर्माधिकाऱ्यांना नमतं घ्यावं लागलं.

मला नवल वाटतं ते पुढचं. कोकणात असताना त्यांनी धर्म सोडला नाही, आणि धर्माच्या देशात गेल्यावर मराठी सोडली नाही. तिथं त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. पण त्यांचीही नातवंडं आता हिब्रूतच बोलत असणार. तिथल्या आज्याही माझ्यासारख्याच बसल्या असतील, एखाद्या शब्दाचा अर्थ सांगत.

माझ्या नातीला नवकार पाठ आहे, एक अक्षर चुकत नाही. तेवढ्यावर मी इतकी वर्षं निश्चिंत होते. धर्म जपला की सगळं जपलं, असं वाटायचं. पण त्या लोकांनी दोन्ही ओझी वाहिली, आणि मी एकच उचललं.

काल संध्याकाळी तिला ताट वाढताना म्हटलं, "दिवस मावळायच्या आत जेव गं." "हां दादी." म्हटलं, "आजी म्हण." तिनं वर पाहिलं, घास गिळला आणि म्हणाली, "आजी, अजून थोडी भाजी."

मी दोनदा वाढली.